मागच्या बाजूचा आकडा

पिंपरी,
६ ऑक्टोबर २०२५

ती. सुमनवहिनींना रश्मीचा सा. न.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि तुमच्या गणराजला फोन उचलायला वेळ नाही, म्हणून कागद काढला. तुमचे सासरे, आपले आप्पा, तरुणपणी कोल्हापूरजवळ वळिवड्याला, पोलंडच्या निर्वासितांच्या छावणीत ट्रक चालवायचे. तिथल्या एका बाईने जाताना त्यांच्याकडे रुपेरी गरुडाचा बिल्ला ठेवायला दिला. देश परत मिळाला की नेईन, म्हणाली. तिचा नवरा इंग्लंडात, पोलिश लढाऊ विमानांच्या तुकडीत वैमानिक होता; बिल्ला त्याचाच.

तिची लेक हालिना आता सत्त्याऐंशीची आहे. ती लिहिते, तुकडीत एकाच नावाचे दोघे होते. एक लढताना पडला, एक पळून गेला. तुकडीच्या इतिहासात तिचे वडील पळपुटे म्हणून छापलेत. नवी आवृत्ती निघतेय. जो पडला, त्याच्या बिल्ल्याचा आकडा तुकडीच्या दप्तरात आहे; आपला आकडा त्याच्याशी जुळला, तर तिचे वडील पळाले नव्हते हे ठरेल. आपल्या गरुडाच्या मागे कोरलेला आकडा तेवढा लगेच कळवा.

माझ्यावर माया आहेच, ती उत्तरात दिसू दे.
तुमची रश्मी

कुरुळी,
११ ऑक्टोबर

चि. रश्मीस अनेक आशीर्वाद.

भिंग घेतलं, गरुड उन्हात धरला. आकडा न्हाई. खंडेनवमीला आपण गरुड हत्यारांसोबत पुजतो. यंदा गणराजने तो कंपनीत नेऊन पॉलिशच्या चाकावर धरला, दोन्ही बाजूंनी. असा आरसा झालाय, की कुंकू लावताना मला माझंच तोंड दिसलं.

पोराला बोलू नकोस. गेल्या साली तूच कॉन्व्हेंटच्या बाईंसारखं नाक मुरडून त्याला म्हणालीस, इतका काळवंडलेला गरुड देवापुढे मांडायला लाज कशी वाटत नाही. त्याने आत्याचं ऐकलं.

दिवाळीला ये. तुझ्या वाटणीच्या चकल्या कोण खाणार?
तुला विसरत नाही,
सुमनवहिनी

पिंपरी,
४ नोव्हेंबर

ती. वहिनींना सा. न.

दिवाळीला आले नाही. तोंड नव्हतं. हालिनाला खरं तेच लिहिलं, माझ्या बोलण्यासकट. काल तिचं उत्तर आलं. पुस्तक छापायला गेलं. वडील पळपुट्यांतच राहिले.

रागाचा एक शब्द नाही. एवढंच विचारलंय, आईने तो बिल्ला कधीच पुसला नव्हता, वडिलांच्या बोटांचे काळे डाग होते त्यावर. ते तरी राहिलेत का?

काय लिहू, वहिनी?

लोभ मागायचा मला हक्क नाही. तरी असू द्या.
रश्मी