तुमच्या नावाने लिहिलेला पश्चात्ताप

बाबा,

तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली आणि तरी मला तुमचा राग येतो, हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. राग एका वाक्याचा आहे. ते म्हणायला तुम्हाला अर्धं मिनिट लागलं असतं. मी आता अठ्ठावीस वर्षांचा आहे. पंचवटीत धर्मशाळांचे आणि उपाहारगृहांचे बोर्ड रंगवतो. शाळा नववीत सुटली, पण माझ्या बोर्डावर शुद्धलेखनाची चूक सापडत नाही, हे गिऱ्हाईकंही सांगतात. घराला कुलूप लावल्यावर मी ते तीनदा ओढून बघतो आणि तरीही पुलापर्यंत जाऊन परत येतो. आपल्या बापाचं तारण झालं की नाही, देवाने त्याला आत घेतलं की नाही हे न कळता असा माणूस कसा जगेल, याचा तुम्ही थोडा तरी विचार करायला हवा होता. तुम्ही केला नाहीत. तुम्ही शांत होतात, आणि तुमच्या शांतपणाचाच मला सगळ्यात जास्त वैताग आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, आणि त्याचा पाव तुम्ही करायचात. आदल्या दिवशी दुपारी बेकरीतली भट्टी निवायला लागली की तुम्ही हात कोपरापर्यंत धुऊन तो एक पाव वेगळा लावायचात. बेकरीचे मालक मुसलमान, पण तुम्ही विसरलात तर तेच आठवण करायचे, "आज वरची ऑर्डर आहे ना?" तो पाव पांढऱ्या फडक्यात गुंडाळून तुम्ही घरी आणता, स्वयंपाकघरात पाटावर ठेवता आणि सुरीने चारी बाजूंच्या कडा काढता, कारण पाळकसाहेबांना आतला पांढरा भागच लागतो. कडा आपल्याला चहाबरोबर. मी खायला घाबरतो. देवाच्या पावाच्या कडा खाल्ल्या तर पाप लागेल का, असं मी विचारतो, आणि तुम्ही हसून म्हणता, "त्याच्यावर प्रार्थना व्हायचीय अजून. आत्ता नुसता मैदा आहे. खा." आणि दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी उठून वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायची, तुमच्या हातचा पाव घ्यायची, आणि तुम्ही शेवटच्या बाकावर पाय आखडून बसायचात, लोकांना जायला वाट मिळावी म्हणून. लहानपणी मला वाटायचं, स्वयंपाक करणारा शेवटी जेवतो तसं काहीतरी असेल. पण तुम्ही शेवटीही जेवला नाहीत.

कारण कळलं ते चौदाव्या वर्षी, माझ्या दृढीकरणाच्या वर्गात. दृढीकरण झालं, म्हणजे मंडळीपुढे माझा विश्वास मी स्वतः कबूल केला, की मलाही मेजाला, प्रभुभोजन घ्यायला, जाता येणार होतं. पाळकसाहेब नवीन होते, मनाने चांगले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तुम्ही आईशी लग्न केलंत ते कचेरीत नोंदणी करून, चर्चला न विचारता, आणि आई बौद्ध घरातली. तेव्हाच्या पाळकांनी तुम्हाला मेज बंद केलं. अट एकच होती, मंडळीपुढे उभं राहून या लग्नाचा पश्चात्ताप झाला असं म्हणायचं. तुम्ही म्हटलं नाहीत. आईने बाप्तिस्मा घेतला असता तर कदाचित प्रकरण मिटलं असतं, पण आई काय ऐकणार. तिला विचारायला मंडळीचे दोन पंच घरी आले तेव्हा तिने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "आमच्या घरानं आत्ताच एक धर्म सोडलाय. जरा बसू द्या की आम्हाला."

आता माझी अवस्था बघा. प्रश्नोत्तरी मला तोंडपाठ. तारण विश्वासाने होतं, कर्माने नाही. ते कमावता येत नाही, देव देतो, माणसाने फक्त रिकामा हात पुढे करायचा. सगळ्या वर्गात हे उत्तर न अडखळता म्हणणारा मी एकटा, आणि सगळ्या मंडळीत हात पुढे न करणारा माझा बाप एकटा. मी ते जोडत बसायचो. ज्याला पश्चात्ताप नाही त्याला क्षमा नाही, ज्याला क्षमा नाही त्याचं तारण नाही. पुढची पायरी मी मनातही म्हणत नसे. पाळकसाहेबांना मी विचारलं तर ते म्हणाले, उभं राहायला नको, लाज वाटत असेल तर चार ओळी लिहून दिल्या तरी चालतील, मी वाचून दाखवीन आणि विषय संपेल. इतकं सोपं केलं होतं त्यांनी.

मी धावत घरी आलो. तुम्ही ओट्याशी पाणी पीत होतात. मी सगळं सांगितलं, आणि शेवटी असंही म्हणालो की नुसते शब्दच आहेत, मनात काही का असेना. तुम्ही पेला पालथा घातलात.

"कोणाला सांगायचेत शब्द?"

"देवाला. मंडळीला."

"मंडळीला चालतील. त्याला कसे चालतील? खोटं सांगून दारातून आत गेलो, तर घरच्या मालकाला कळणार नाही का?"

"पण मग तुमचं तारण..."

"ते त्याच्याकडे आहे. त्याच्यावर सोडलंय मी. विश्वास म्हणजे आणखी काय असतं?"

आणि तुम्ही टॉवेल घेऊन आंघोळीला गेलात. म्हणजे विषय संपला. तुमच्यासाठी सगळं असंच संपायचं. वर्गात सहा महिने घालवून मी जे पाठ केलं होतं ते तुम्ही पेला पालथा घालता घालता सांगून टाकलंत, आणि तरी मला पटलं नाही, कारण तुमचं उत्तर पुस्तकात नव्हतं.

म्हणून मी ते पत्र लिहिलं. ही चूक आपल्यासारख्याच घरात होऊ शकते, जिथे बाप सहीपुरतं लिहितो आणि मुलाचं अक्षर वळणदार आहे म्हणून बेकरीच्या पाट्या, चाळीचे अर्ज, सगळं मुलगाच लिहितो. तुमच्या नावाने लिहिणं माझ्या हाताला नवीन नव्हतं. मी तीन कच्चे खर्डे केले. "मंडळीच्या आज्ञेबाहेर जाऊन केलेल्या विवाहाबद्दल मला मनापासून पश्चात्ताप झाला आहे. ती माझी चूक होती. देवाने व मंडळीने मला क्षमा करावी." खाली तुमची सही केली, तुमचा हात कापतो तशी. शनिवारी पाव पोचवायला मीच जायचो. फडक्याच्या घडीत पत्र ठेवलं आणि पाव व पत्र पाळकसाहेबांच्या बंगल्यावर देऊन आलो. वाटेत पत्र आहे ना म्हणून चारदा फडकं उघडून बघितलं. ते वाचलं जाईल तेव्हा तुम्ही समोर बसलेले असाल, हे मला माहीत होतं. मला वाटलं, एकदा वाचलं गेलं की तुम्ही नाही म्हणणार नाही, मुकाट्याने उठाल, मेजाला याल, आणि झालंच. आई तिथे असेल हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. ती कधी यायची नाही. त्या रविवारी माझी मेजाला जायची पहिली वेळ म्हणून ती नवं लुगडं नेसून आली आणि बायकांच्या बाजूला मागे बसली.

पाळकसाहेबांनी आनंदाने पत्र वाचलं. अजूनही तो आवाज माझ्या कानात आहे, "ती माझी चूक होती" इथे ते जरा थांबले, लोकांना नीट कळावं म्हणून. काही बायकांनी वळून आईकडे पाहिलं. आणि तुम्ही उठता. मी डोळे मिटून घेतो, मला वाटतं तुम्ही पुढे येताय. पण पावलं वाजत नाहीत. तुम्ही जागच्या जागीच बोलता, रोज भट्टीवर बोलता त्याच आवाजात.

"पाळकसाहेब, हे माझं नाही. असं माझ्या मनात एक दिवसही आलेलं नाही."

आणि खाली बसलात. कोणाचं आहे, ते तुम्ही सांगितलं नाहीत. सांगायची गरजही नव्हती, तुमच्या नावाचं सगळं मीच लिहितो हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक. माझी मेजाला जायची पाळी आली. मी मागे बघितलं. तुम्ही हनुवटीने खूण केलीत, जा. मी गेलो आणि तुम्ही केलेला पाव खाल्ला.

घरी मला वाटलं मार बसेल. तुम्ही एवढंच म्हणालात की माझी माफी मागायचं कारण नाही, आत जाऊन आईशी बोल. आई मेथी निवडत बसली होती. मी उभाच राहिलो. तिने वर न बघता विचारलं, "पत्र तूच लिहिलंस ना? छान होतं. त्यातली चूक ती मीच, का तुझ्यासकट?" थोड्या वेळाने तिने अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली आणि मी निवडायला बसलो.

पुढच्या महिन्यापासून पंचांनी पाव दुसरीकडून आणायला सुरुवात केली. मंडळीपुढे पश्चात्ताप नाकारणाऱ्याच्या हातचा नको, असं ठरलं. पाळकसाहेबांना ते आवडलं नसावं, पण ते पंचांपुढे बोलले नाहीत. म्हणजे सोळा वर्षं तुमच्या हाताला जे एक काम होतं, ते मी घालवलं. तुम्ही त्याबद्दल मला कधी शब्दाने बोलला नाहीत. पहिल्या रविवारच्या आदल्या दुपारी तुम्ही लवकर घरी यायचात आणि काय करावं न सुचून दाराची बिजागरी पुसत बसायचात. रविवारी मात्र शेवटचा बाक चुकला नाही. बोलला असतात तर बरं झालं असतं, बाबा. ज्याच्यावर रागावता येत नाही अशा माणसाच्या घरात वाढणं फार कठीण असतं.

मग तुमची छाती धरली. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात तुम्ही अंथरुणाला खिळलात, आणि एका सकाळी पाळकसाहेब स्वतःहून आले, छोट्या डब्यात पाव आणि बाटलीत द्राक्षरस घेऊन. मी आनंदाने खुर्ची दोनदा पुसून त्यांना दिली. आईने तुम्हाला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "म्हणून टाका हो एकदाचं. मला काय त्यानं भोक पडतंय?" पाळकसाहेबांनीही किती सोपं केलं. लग्नाचं नावसुद्धा काढलं नाही. म्हणाले, "सगळ्या पापांबद्दल पश्चात्ताप होतो, एवढंच म्हणा."

तुम्ही खोकलात, पाणी मागितलंत, आणि विचारलंत, "सगळ्यांत ते धरता का?"

बाबा, कशाला विचारलंत? मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. मला वाटलं आपणच ओरडावं, नाही धरत म्हणून. पाळकसाहेबांनी डब्यावरचा हात काढला. ते खोटं बोलणारे नव्हते, हेही आमचं दुर्दैव. म्हणाले, "धरावं लागेल."

"मग बाकीच्यांचा होतो," तुम्ही म्हणालात. "फार होतो. त्याचा नाही."

पाळकसाहेबांनी डबा उघडला नाही. तुमच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली, ती मोठी केली, आणि जाताना दाराशी डोळे पुसले. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. त्यांनीच तुम्हाला ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं आणि पंचांपैकी कोणी काही बोललं नाही.

मी आईला विचारलं होतं, तुला काय वाटतं, ते कुठे असतील. ती म्हणाली तुमच्याकडचं मला कळत नाही, पण एवढं खरं बोलणाऱ्याला बाहेर ठेवून त्या देवाला आत करमणार कसं. हे काही उत्तर नाही. पुस्तकात तर नाहीच.

आता प्रभुभोजनाआधी जी शांतता ठेवतात त्यात मी माझी पापं क्रमाने आठवतो, एकही राहू नये म्हणून. रागाने बोललो ते, कामात कसर केली ते, आईला पत्रातलं ते वाक्य ऐकावं लागलं ते, तुमची खोटी सही केली ते. प्रत्येकाबद्दल मला खरोखर वाईट वाटतं. मग मूळ पत्राशी येतो आणि अडतो. ते लिहिल्याचा मला पश्चात्ताप होत नाही. दहा वर्षं प्रयत्न करून पाहिला. तुम्ही आत असावं म्हणून मी ते लिहिलं होतं, आणि आज पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा लिहीन. म्हणजे तुमच्या हिशेबाने मीही शेवटच्या बाकावर बसायला हवं.

मी बसत नाही. हे तुम्हाला तोंडावर कधी सांगता आलं नसतं. हे पत्रही कपाटात वर्तमानपत्राखाली ठेवणार आहे. नवे पाळक विचारतात, सगळ्या पापांबद्दल तुम्हाला पश्चात्ताप होतो का, आणि मी सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून हो म्हणतो, उठतो, कठड्याशी जाऊन हात पुढे करतो. सगळ्यांत काय काय धरलं आहे, ते मी विचारत नाही.