दिघीच्या बाटल्या आणि भिकूचा प्रवाह

दिघी,
कोजागिरीचा दुसरा दिवस, १९६३

चिरंजीव दिनानाथ यास नीराकाकीचे पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक आहोत. तुझ्या आजीचे गुडघे धरतात, जीभ ठणठणीत आहे. तुझा खोकला गेला का? खाणावळीत सुकट मिळत नसेल तर कळव, पाठवते. (शेजारचे वासाने ओरडले तर त्यांनाही थोडी दे.)

तुझं पत्र वाचलं. त्याआधीच गूळ बांधून आलेल्या वर्तमानपत्रात तुझ्या मुंबईच्या ऑफिसातल्या साहेबांची बातमी वाचली होती. (माझी सगळी शाळा वाण्याच्या पुड्यांवरच झाली, म्हणून बातम्या मला उशिरा कळतात आणि थोड्या चिकट असतात.) साहेबांनी शिमग्यानंतर खाडीच्या तोंडाशी चिठ्ठ्या घातलेल्या बाटल्या सोडल्या. पाण्याची ओढ कुठे जाते ते त्यांना बघायचं होतं. त्यातली एक सोडून बाकी साऱ्या हरिहरेश्वरच्या मास्तरांना सापडल्या. म्हणून साहेब म्हणतात, दिघीहून थेट हरिहरेश्वरला, एस.टी.सारखा पण वाटेत कुठेही न थांबता जाणारा एक विलक्षण प्रवाह आहे. दिनू, तो प्रवाह म्हणजे आपला भिकू.

झालं असं की बाटल्या भरतीबरोबर आपल्याच वाळूवर परत आल्या. बंद बूच, आत कागद. बायकांनी ओळखलं की कुणाचा तरी नवस आहे. आजीने हळदकुंकू लावून त्या पाण्यात सोडल्या. दुसऱ्या भरतीला पुन्हा दारात. तेव्हा मी काचेतून चिठ्ठी वाचली आणि म्हटलं, "अहो, यात लिहिलंय, सापडेल त्याने मुंबईला कळवावं." आजी म्हणाली, "कागदावर काय पन लिवलेलं आसू दे. दर्याला दिलेलं घरात ठेवायचं न्हाय." मग भिकूला हुकूम सुटला की देवाच्या दारात नेऊन सोड. भिकू दर सोमवारी होडीने हरिहरेश्वरला जातोच. तो घेऊन गेला. मी त्याला म्हटलं, "भिकू, सरकारी काम आहे रे." तर म्हणतो, "वहिनी, म्हनून तर नारल पन सोडला!" (नारळाची नोंद साहेबांकडे नसेल, ती करून घे.)

आता असा प्रवाह असेल का, असं तू विचारलंस म्हणून साहेब तुझ्यावर चिडले, हे वाईट झालं. पण तूही याच वाळूवर लोळून मोठा झालास ना? बाटल्यांना बुचं लावताना, आजी त्यांचं काय करील हे तुझ्या ध्यानात येऊ नये? पॅन्ट घातली की माणूस एवढं विसरतो का?

आजीचं ते दर्याला दिलेल्याचं वाक्य मी पूर्वीही ऐकलंय. नवे पैसे आले त्या वर्षी भाद्रपदातल्या वादळात तुझ्या काकांचा मचवा गेला. फळीसुद्धा परत आली नाही. मी रोज किनाऱ्याने चालत होते, तेव्हा आजी हेच म्हणाली आणि हात धरून घरी घेऊन आली. मुलगा तिचाच होता.

असो. साहेबांना खरं काय ते सांग. भिकूचं नाव छापणार असतील तर तो फोटोला तयार आहे.

तुझी,
नीराकाकी

ता. क. एक बाटली मी भिकूला दिली नाही. ती तांदळाच्या मडक्यात लपवली आहे. पुढच्या भाद्रपदात, काकांचा मचवा शेवटी दिसला तिथे ती सोडायची आहे. तू ये. चिठ्ठीवर ऑफिसचा नको, माझा पत्ता घाल. कुठे लागली तेवढं मला कळू दे. लांब असलं तरी चालेल. आजीला बोलू नकोस.

आणखी एक. पत्र बंद करायच्या आधी तांदूळ काढायला गेले, तर बाटलीला ताजं हळदकुंकू लावलेलं. बाटली मात्र मडक्यातच होती, आणखी खोल खुपसलेली. बाहेर आले तर आजी म्हणाली, "दिनूला लिव, येताना बूच चांगलं घट्ट आन."