हीटरची पिवळी बत्ती

मंगळवार, संध्याकाळ

वहिनींच्या तिळाच्या लाडवांची पहिली मोठी ऑर्डर, आणि दादाने आजच पिकअपची बॅटरी उतरवली! या गारठ्यात डिझेल गाडीची किल्ली फिरवून इंजिन तापवणाऱ्या हीटरची पिवळी बत्ती विझेपर्यंत थांबायचं, मग लगेच सेल मारून इंजिन चालू करायचं. पण नाही! बत्ती केव्हाच विझली, दादाचं गाडीच्या पूजेचं स्तोत्र संपेना. हेडलाइट चालू, अगरबत्ती चालू! मीच का नाही अडवलं? मग सेल मारला, तर नुसती कुरकुर. मेकॅनिक म्हणाला, "भाई साहब, पूजा पहले कर लेते, चाबी बाद में!"

वहिनी एकट्याच डबे घेऊन ऑटोने सिव्हिल लाइन्सला गेल्या. आत्ता दादा म्हणतो, "बघ, देवानेच ऑटो धाडली." माझं डोकंच फिरलं. परत आलेल्या वहिनी मात्र फोनवर गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "हां जी, अगली बार भी ऑटो से ही लाऊँगी."