मावशीची वीत

३ मार्च
साहेबांनी महिला बराकीच्या पंचवीस वर्षांच्या कैदीसंख्येचा तक्ता मागितला — मी निवृत्त व्हायच्या आत, एका पानावर. "बाई, शेरे नकोत हं!" शेरे कुठेतरी ठेवायला हवेत, म्हणून ही वही.

तक्ता सरळ आहे. शिक्षा झालेल्या बायका जवळपास तेवढ्याच. वाढल्या त्या खटला चालू असलेल्या. बराक तीच, चाळीस जणींची. आज एकशे चार.

५ मार्च
झोपायची जागा मावशीच्या वितीने मोजतात. मावशी सत्तरीची, मालकिणीच्या दागिन्यांच्या चोरीचा आरोप. तिचा हात मोठा, आणि ती कुणाची बाजू घेत नाही. पाच वर्षांपूर्वी ती आली तेव्हा माणशी चार वीत जागा मिळे. आता अडीच.

काल आलेली एक पोर रडवेली झाली — "एवढीशीच?" मावशी म्हणाली, "कुशीवर झोप, पोरी. उताणं झोपायचं ते निकाल लागल्यावर!" सगळ्या खिदळल्या. मी ओरडले. मग पाठ फिरवून हसले.

९ मार्च
साहेबांनी उपाय काढला! माणशी जागा कमी धरली, व्हरांडा हिशेबात घेतला. दारावर चाळीसच्या जागी सत्तर रंगवून झालं. एक वीट हलली नाही.

"व्हरांड्याला दार नाही, साहेब. तिथे कोण झोपणार — मी?"

"बाई, जाता जाता कशाला वाकडेपणा?"

तक्त्याखाली एक ओळ घातली : क्षमता वाढली, बांधकाम नाही. हा शेरा नाही. नोंद आहे.

१४ मार्च
मावशीला जामीन मंजूर होऊन महिना झाला. तरी आतच! जामीन राहायला माणूस नाही. मुलगा फोन उचलत नाही.

"त्याचं घर लहान आहे हो," म्हणाली.

अडीच वितीत बसून!

मी जामीन राहिले असते. नोकरीत असेपर्यंत नियम आड येतो. नियम म्हणजे नियम — आजवर दुसऱ्यांना हेच ऐकवत आले.

२२ मार्च
मावशीचा खोकला वाढलाय. मोजताना हात थरथरतो, जागा कमीजास्त होते. एकीनेही तक्रार केली नाही.

३१ मार्च
निवृत्त झाले. किल्ल्या आणि शिट्टी दिली. मला भाषण करू दिलं नाही.

२ एप्रिल
कोर्टात मावशीच्या जामिनाचे कागद दिले. धाकटीचा फोन — "ताई, डोकं ठिकाणावर आहे ना? आरोपी बाई घरात?"

म्हटलं, "एवढी वर्षं त्यांच्यातच काढली की!"

४ एप्रिल
फाटकावर ताब्यात मिळालं : चष्मा एक, दांडीला दोरा. साड्या दोन. कंगवा एक. मावशी एक. घेणारी — मी.

मागची खोली तिने आल्याआल्या मोजली. "सोळा वीत! एकटीला?"

भिंतीला चिकटून झोपलीय. कुशीवर.