करंजीची मुरड

श्रीरामपूर

प्यारी अम्मी, सलाम.

आम्ही खुशाल आहोत. परवेझभाईने आणलेल्या खिम्याच्या करंज्या अगदी कुरकुरीत होत्या, चवही तुझीच. पण कडेची मुरड तुझी नव्हती. कुणीतरी चमच्याने कडा दाबल्या होत्या.

"अम्मीच्या हाताला काय झालंय?" मी भाईला विचारलं.

"काही नाही गं," म्हणाला, पण माझ्याकडे बघेना.

मग तिसगावला भाभीला फोन लावला, तर ती रडायलाच लागली. तुझं मनगट मोडून पंधरा दिवस झाले! तू शेजारी बसून सांगत होतीस आणि ती करत होती.

मला सातवा महिना म्हणून लपवलंस ना? अब्बांची तब्येत तरी खरंच बरी आहे का?

शुक्रवारच्या एसटीने येतेय. आधी तुझी वेणी घालीन, मग भांडेन.

तुझीच,
अफ्रीन