मार्सेल कुठून आला

वसई
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

ॲंजेला बाय,

सगळ्यांत आधी आली ती मुलाची मावशी! रिक्षा थांबायच्या आत उतरली नि केकच्या वासाने थेट स्वयंपाकघरात. मागून व्हिव्हियन नि त्याचे आईबाप. काय मुलगा गं! बँकेत कायम. आपल्या टिफनीने चहा दिला तर याने तिच्याकडे बघत साखर बशीतच ओतली. मी म्हटलं, पडली पसंती!

तुम्ही मायलेक गिरीजला बरी असाल. मार्सेल तुझ्या भावाच्या वाडीत फाटकांच्या कड्या लावत फिरत असेल. फोन केला असता, पण तो स्पीकर लावतो नि ऐकलेलं दिवसभर म्हणत बसतो. म्हणून चिठ्ठी माझ्या लेकाच्या, एरॉलच्या हाती. त्याला सगळं ठाऊक आहे, पण बायकोसमोर तोंड उघडत नाही.

तर मावशी नर्स. नाताळच्या फोटोत मार्सेल कानांवर हात ठेवून उभा आहे ना, तो बघून म्हणाली, "हा टिफनीचा भाऊ? ऑटिझम आहे का? राग मानू नका, पण ते घराण्यात असतं." मला देवानेच सुचवलं बघ. म्हटलं, "छे! कामवालीचं पोर. ती मेली, म्हणून आम्ही सांभाळतो." मावशी म्हणाली, "केवढं पुण्य!" नि दोनदा केक घेतला.

मग ती मेली मावशी म्हणते, "तुमचा भाऊ पीटर, गावभर फाटकांच्या कड्या लावत फिरायचा ना?" म्हटलं, तो लहानपणीच तापाने गेला. जिवंत आहे गं, ब्रदरांच्या आश्रमात. साबण पाठवते मी. तुला कधी बोलले नाही. डॉक्टरांनी दोन्ही घराणी विचारली तेव्हा "आमच्यात कुणी नाही" म्हटलं, नि चौदा वर्षं तुझ्या माहेरच्या रक्ताला नावं ठेवली. आता उकरून काय? तुला सवय झालीय.

मावशी मार्सेलला कपडे आणणार आहे. म्हणून त्याचं 'मम्मी' म्हणणं तेवढं सोडव. नवव्या वर्षी पहिल्यांदा म्हणाला, तू गल्लीभर पेढे वाटलेस, आठवतं मला. आता 'बाई' शिकव. एकदा शिकला की तो सोडत नाही, एवढं बरं आहे त्याचं.

टिफनी गळ्यात पडून रडली. म्हणाली, "मम्मीला तूच सांग." तर सांगितलं.

तुझ्या लेकीचं भलं बघणारी,
क्लेमेंटीन

ती माणसं येत्या रविवारी, चर्चमधल्या दुसऱ्या मिस्सानंतर घरी येतो म्हणालीत.