बाईंच्या वेळापत्रकातलं बेट

ती. ताईस,

दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्याच घातलेला साष्टांग नमस्कार. (खरोखर वाकलो असतो, पण परवापासून कंबर धरली आहे. कशाने धरली ते पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? दाजींचा खोकला कमी झाला का? ते अजून पेपर हात लांब करकरून वाचतात का? हात पुरेनासे झाले की इकडे या म्हणावं, चष्म्याचा नंबर काढून देतो. आमच्याकडचं म्हणशील तर ही खुशाल आहे, आणि मी आहे.

फोन करायचा सोडून पत्र का लिहितोय, असा प्रश्न तुला पडला असेल. तर आमच्या घरात फोनवर खासगी काही बोलता येत नाही. शेवटच्या बाकावरची कुजबुज फळ्याकडे तोंड करून ऐकणारे हिचे कान निवृत्त झाल्यावर शाळेत जमा करून घ्यायला हवे होते, ते कुणी घेतले नाहीत. मुख्याध्यापिका या नात्याने ती जबाबदारी तुझी होती, पण तू आधीच निवृत्त झालीस, तेव्हा तुला बोल लावत नाही. म्हणून दुकानात मागच्या बाजूला डोळे तपासायची जी अंधारी खोली आहे, तिथे बसून लिहितोय. गिऱ्हाईक आलं की कागद अक्षरांच्या तक्त्यामागे सरकवतो. मघाशी एका आजोबांनी तक्त्याची शेवटची ओळ सोडून तिच्याखालून डोकावणारी माझ्या पत्राचीच ओळ वाचायला घेतली होती.

आता मुद्द्याचं. ही निवृत्त झाल्यापासून बेटावर जायचं म्हणते आहे. तिचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. बेट म्हणजे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग, हे तिने जन्मभर मुलांकडून पाठ करून घेतलं, फळ्यावर खडूने बेटं काढली, तास संपल्यावर पुसली, आणि स्वतः एकाही बेटावर कधी पाय ठेवला नाही. तेव्हा जावं, माझी काही हरकत नाही. बेटावर जाऊन माणसाने झाडाखाली खुर्ची टाकावी, शहाळ्याचं पाणी प्यावं, चारही बाजूंना पाणी आहे याची एकदा खात्री करून घ्यावी आणि घरी परतावं. पण हिला तिथे नुसतं बसायचं नाहीये. तिला दोन माणसांची होडी वल्हवायची आहे, तोंडात नळी धरून पाण्यात डोकं खुपसून मासे बघायचे आहेत, दोरीला लटकून जंगलावरून जायचंय, आणि हे सगळं झाल्यावर डोंगर चढायचा आहे. पाण्याला मी किती भितो ते तुला सांगायला नको. लहानपणी मला पोहायला शिकवायला म्हणून विहिरीवर तूच नेलं होतंस, आणि शेवटी सगळ्यांचे कपडे सांभाळायला बसवून तसाच कोरडा घरी आणलं होतंस. माझी विनंती एवढीच आहे, की हे तू थांबव. ही तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. नणंद म्हणून नव्हे, त्या नात्याने तिने तुला कधीच जुमानलेलं नाही. मुख्याध्यापिका म्हणून ऐकते.

तुझ्या शाळेचं वेळापत्रक तीच करायची. तिच्या हयातीत (म्हणजे नोकरीत, ती चांगली ठणठणीत आहे, माझ्यापेक्षा जास्त) दोन वर्ग एका खोलीत आले नाहीत की एक मास्तर एकाच वेळी दोन वर्गांत लागला नाही, याचं कौतुक तूच भर सभेत केलं होतंस. त्याची फळं मी भोगतोय. शाळेने टाकून दिलेला जुना फळा आता आमच्या बैठकीच्या खोलीत, जिथे पूर्वी टीव्ही होता, तिथे आहे. त्यावर बेटाचं वेळापत्रक आहे. उभे वार, आडवे तास, मध्ये मधली सुट्टी, शनिवारी अर्धा दिवस. पाण्यातले तास निळ्या खडूने, जंगलातले हिरव्या, आणि डोंगर लाल. खाली उजवीकडे मुख्याध्यापिकेच्या सहीसाठी जागासुद्धा सोडलेली आहे, इतकी सवय. सुरुवातीला मी धूर्तपणा करून माझे बरेच तास मोकळे ठेवून घेतले. वय, कंबर, डोळे, जे जे सुचलं ते सांगितलं, आणि तिने लगेच मोकळे तास दिले. मला वाटलं, सुटलो. मग आमच्याबरोबर येणाऱ्या जावईबापूंचा खांदा दुखायला लागला. कन्येला उंचीवरून गरगरतं हे तिला अचानक आठवलं. नात तर लहानच आहे. आणि ताई, गैरहजर मास्तरांचा वर्ग कुणाला देतात? ज्याचा तास मोकळा असेल त्याला. होडीचा बदली तास मी, नळीचा बदली तास मी, दोरीला लटकणार मी. स्वतःचे तास घेतले असते तर निम्म्यात सुटलो असतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

बरं, हे सगळं बेटावर गेल्यावर व्हायचं होतं, तेव्हा म्हटलं जाईपर्यंत तरी जिवाला स्वस्थता आहे. पण तुला आठवत असेल, शाळेच्या सहलीआधी ही मुलांना भरलेली दप्तरं पाठीवर देऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावायची. तसं मला पाठीवर पिशवी देऊन जिन्याने वरखाली करायला लावते. पिशवीत तिचे जुने नकाशासंग्रह आहेत. सगळं जग पाठीवर घेऊन मी रोज सकाळी जिना चढतो. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी एकदा दार उघडून विचारलं, घर सोडून चाललात का. मी म्हटलं, अजून ठरत नाहीये. होडीचा सराव दिवाणावर होतो. ती पुढे, मी मागे, दोघांच्या हातात केरसुण्या. दोघांनी एका लयीत वल्हवायचं असतं, नाहीतर होडी जागच्या जागी फिरते. आमचा दिवाण मात्र कसंही वल्हवलं तरी हलत नाही, आणि होडीचा हाच गुण मला सगळ्यात जास्त आवडला. ती मागे न बघता सांगते, तुमची केरसुणी चुकतेय. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे तिला बघावं लागत नाही. मी केरसुणी जोरात मारायला गेलो आणि कंबर धरली, ती ही अशी.

पण नळीचा किस्सा सगळ्यांवर कडी आहे. माझा नंबर तुला माहीतच आहे. चष्मा काढला की समोर माणूस उभा आहे की कपाट, हे मी ते बोलेपर्यंत सांगू शकत नाही. तेव्हा पाण्यात घालायच्या त्या मोठ्या गॉगलमधून मला मासे काय दिसणार, असा बिनतोड मुद्दा मी काढला. ही म्हणाली, तुमचं चष्म्याचं दुकान आहे. झालं. स्वतःच्या हाताने स्वतःच्या नंबरच्या काचा घासल्या, कडा बसवल्या, आणि घरी बाथरूममध्ये कपड्यांच्या टबात पाणी भरून तोंड खुपसलं. (आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ बघितलेत, तो धोंडा आधी घासून गुळगुळीत करणारा मीच.) काचा उत्तम झाल्या आहेत. टबाचा तळ, त्यावरचा साबणाचा थर, गेल्या महिन्यात हरवलेलं टूथपेस्टचं झाकण, सगळं लख्ख दिसलं. त्या झाकणाच्या आनंदात मी नाकाने श्वास घेतला. पुढचं सांगत नाही. वर आलो तेव्हा ही दारात उभी होती, म्हणाली, छान, अजिबात घाबरला नाहीत. घाबरलो होतोच, पण तोंडात नळी असल्यामुळे ते सांगता आलं नव्हतं.

डोंगराबद्दल मी सहज विचारलं, की हा लाल खडूने का. तर तो ज्वालामुखी आहे. मी विचारलं, मेलेला ना? ती म्हणाली, निद्रिस्त. आणि हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो आमची लेक पहिली आली तेव्हाही मी बघितला नव्हता. दाजींना दुपारच्या झोपेतून कुणी उठवलं तर काय होतं ते मी बघितलेलं आहे, तेव्हा निद्रिस्त या शब्दावर माझा भरवसा नाही.

आता महत्त्वाचं सांगतो, कारण संधी आलेली आहे. आमच्या दुकानाशेजारी सहलींची तिकिटं काढून देणारा एक जण आहे. तो हिचा जुना विद्यार्थी. हिच्यापुढे अजूनही हाताची घडी घालून उभा राहतो. त्याने घरी येऊन फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि त्याबरहुकूम जागा राखून ठेवल्या. परवा जावईबापूंनी तो कागद बघितला आणि फोनवर हसत सुटले. शनिवारी दुपारी आम्ही बेटावर उतरतो, रात्री खोली आहे, रविवारी सकाळी ती रिकामी करायची, आणि पुढची खोली सोमवारपासून. रविवारी आम्हाला ना खोली, ना जेवण, ना छप्पर. ताई, हिने आयुष्यात जितकी वेळापत्रकं केली त्यात रविवार कधी नव्हताच, तसा तो याही वेळी काढायचा राहिला. सहलवाल्याला विचारलं, अरे बाबा, तुला तरी कळू नये? तो म्हणाला, बाईंचं चुकेल असं वाटलं नाही, म्हटलं साहसाची सहल आहे तर एक रात्र झाडाखाली झोपायचं असेल. जावईबापू म्हणाले, रविवारी आम्ही काय पोहत राहायचं का? सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यात मोठ्याने, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला हसायला काहीतरी मिळालं होतं. ही मात्र हसली नाही. तेव्हापासून फळ्याला तिने हात लावलेला नाही आणि सराव बंद आहेत. तेव्हा तवा तापला आहे तोवर पोळी भाजून घ्यावी म्हणतो. तुझा एक फोन पुरे. मुख्याध्यापिकेच्या आवाजात एवढंच सांग, की या वयात हे नसते उद्योग नकोत. माझ्या कंबरेचा दुवा घे.

दाजींना नमस्कार सांग. काळजी घे.

तुझा धाकटा भाऊ,
अजून तरी कोरडा

ता. क. वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाक. पुस्तकात घालून ठेवू नकोस, कारण तुझी पुस्तकं ही वाचायला आणते.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं ते बरं झालं. काल संध्याकाळी घरी गेलो तर फळा पुसलेला. नुसता डस्टरने नाही, ओल्या फडक्याने, एक रेघ राहिलेली नाही. कन्येचा फोन येऊन गेला होता. जावईबापूंना रजा मिळत नाहीये, तेव्हा त्यांचं तिघांचं रद्द. ही म्हणाली, वर्गच नाही तर वेळापत्रक कशाला? आणि चहा टाकला. म्हणजे मी जिंकलो. मनासारखा खुर्चीत बसलो, कुणी मला जिना चढायला सांगितलं नाही, कुणी केरसुणी हातात दिली नाही. चहा निवला तरी मी त्या कोऱ्या फळ्याकडेच बघत होतो. आज सकाळी दुकानात निघताना तिने विचारलं, हा फळा भंगारवाल्याला देऊन टाकू का, तुम्हाला काय वाटतं? ताई, इतक्या वर्षांत हिने मला काय वाटतं हे विचारून काही केलेलं नाही. टबात बुडालो तेव्हा घाबरलो नसेन इतका मी घाबरलो. आणि त्या दिवशी जे हसलो, त्याचं फार वाईट वाटलं.

तिसरा ता. क., आणि हाच खरा. मधल्या वेळात शेजारी जाऊन सहलवाल्याकडून दोघांचीच जागा राखून आलो आहे, रविवार धरून. तो म्हणाला, बाईंनी सांगितलंय का? मी हो म्हटलं. मग घरी जाऊन तिला सांगितलं, चल, आपण दोघं जाऊ. तर म्हणते, तुमचा जीव सुटलाय तर सुखाने बसा, माझी कीव करून पाण्यात उतरू नका. दोष तिचा नाही. इतके दिवस मी जे कुंथत होतो, त्यावरून माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून वर जी विनंती केली आहे, ती उलटी वाच. बाकीचं पत्र फाडून नवं लिहिलं असतं, पण त्यात खोटं काहीच नाही आणि कंबर पुन्हा इतका वेळ बसू देत नाही. तू फोन कर आणि तिला रागाव. जायचंच म्हणावं, माझा हुकूम आहे. ती लगेच विचारेल, ह्यांना पाण्याची भीती वाटते, त्याचं काय? तर सांग, वाटते त्याला. तरी येतोय.